बरड एकच, दगड दोन

वडशाला धान घेऊन आलेला शेतकरी आपल्या उंचवट्यावरच्या तुकड्याला बरडी म्हणतो, आणि वरोऱ्याकडचा त्याचा कापूसवाला सोयरा आपल्या माळाच्या शेतालाही बरडच म्हणतो. दोघांच्या शेतात दगडगोटे आहेत, दोघांच्या मातीत नांगर जेमतेम वीतभर जातो, आणि पावसाने दहा दिवस ओढ दिली की दोघांचेही पीक माना टाकते. त्यामुळे सोयऱ्याचा सल्ला, त्याचे खत, त्याने मोबाईलवर पाठवलेला व्हिडिओ आपण जसाच्या तसा उचलतो. माझी कळकळीची विनंती आहे, की पैसे घालण्याआधी एक खड्डा खणा. दोन्ही बरडींचा खालचा दगड वेगळा आहे, आणि बरडीसारख्या उथळ जमिनीत मुळे त्या दगडापाशी लवकर पोचतात.

सोयऱ्याचा दगड ज्वालामुखीचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, थरावर थर साचले आणि त्यांचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट झाला. आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दिसतो. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या वर जाते, पूर्वेकडे येताना तो पातळ होत जातो. नागपूरला सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची आहे आणि शहराच्या पूर्वेला त्याहून कितीतरी जुना दगड लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात काळा पाषाण पश्चिमेच्या अंगाला, वरोऱ्याकडे आणि जिवतीच्या माणिकगड पहाडावर भेटतो. वडशापर्यंत तो येत नाही. वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी, नागभीड, चिमूर करत वरोऱ्याला जाताना खिडकीबाहेर लक्ष ठेवा. आधी लालसर-पिवळी माती आणि धानाच्या बांध्या दिसतात, मग हळूहळू काळी जमीन आणि पऱ्हाटी सुरू होते. तो बदल मुळात दगडाचा आहे.

काळ्या पाषाणात चुना, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते. पांढऱ्या गारेची रेती त्यात जवळजवळ नसते. तो कुजताना कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो, त्याचा मुरूम होतो, आणि मुरमाची पुढे चिकण माती होते. ही बारीक माती पावसाने वाहून सखल भागात साचली की तीच काळी कसदार जमीन. वर माळावर उरते ती तपकिरी, खड्यांची, वीतभर खोलीची बरड. ती पाणी धरून ठेवत नाही. पण तिच्या पायाखालचा मुरूम मऊ आणि भेगांचा असतो, मूळ त्यात शिरते आणि त्याला खाद्यही मिळते. खड्ड्यात अनेकदा चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. मातीचा सामू सातच्या वर असतो. सांगोल्याची डाळिंबे अशाच मुरमावर उभी आहेत, आणि तिथला पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी आहे. तिथला व्हिडिओ पाहून इथे डाळिंब लावणाऱ्याने या दोन गोष्टी आधी तोलून पाहाव्यात.

आता आपली बरडी. वडसा, आरमोरी, कुरखेडा या पट्ट्यात खाली मुख्यतः ग्रॅनाइटच्या जातीचा, पट्ट्यापट्ट्यांचा, कोट्यवधी वर्षांचा दगड आहे. वैनगंगेच्या काठी त्यावर गाळ साचला, उंचावर दगड उघडा राहिला. या दगडात गार भरपूर असते. गार कुजत नाही, तिची रेती होते. बाकीच्याची फिकी माती होते, त्यातले लोह गंजून ती लाल पडते, आणि आपल्याकडच्या जोराच्या पावसाने चुना धुऊन निघतो. म्हणून आपल्या बरडीचा सामू बहुधा सातच्या खाली असतो, म्हणजे माती आंबट असते, आणि टाकलेल्या स्फुरदाचा बराच भाग मातीतले लोह अडकवून ठेवते. पोत्यामागून पोते ओतूनही धानाला ते लागत नाही, याचे एक कारण इथे आहे.

आपल्या म्हाताऱ्यांना हे सामू-बिमू ठाऊक नव्हते, पण कन्हार, मोरंड, सिहार, वरडी, खरडी, बरडी ही नावे त्यांच्या तोंडी होती, आणि कोणत्या नावाच्या मातीत काय पेरायचे ते पक्के होते. झाडीपट्टीतले हे शब्द आता तरुणांच्या बोलण्यातून जात आहेत. मला याचे खरोखर दुःख वाटते, कारण त्या एकेका शब्दात त्या मातीचे सगळे वागणे साठवलेले आहे. घरात कोणी जाणते असेल तर शेतावर नेऊन प्रत्येक तुकड्याचे नाव विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

खड्डा उन्हाळ्यात खणावा, कंबरेएवढा. बाजूची भिंत खुरप्याने तासून साफ करा. माती किती बोटे आहे, मुरूम कुठे लागतो, पांढरी मुळे कुठवर गेली आहेत ते पाहा. मुरूम मुठीत चोळा. काचेसारखे चमकणारे, काचेवर ओरखडा काढणारे पांढरे खडे निघाले तर ती गार, म्हणजे दगड आपला. मुरूम काळपट-तपकिरी असेल, गार नसेल आणि खाली जड काळा दगड लागत असेल तर तो ज्वालामुखीचा. मुरमावर लिंबू पिळा. फसफसले तर चुना आहे. शेवटी खड्ड्यात पाणी भरा आणि ते किती वेळात जिरते ते मोजा.

हे एवढ्यासाठी सांगतो, की एकच उपाय दोन बरडींवर उलटे काम करतो. आंबट मातीला चुना दिला तर फायदा होतो. चुनखडीच्या बरडीवर तोच चुना टाकला तर पाने पिवळी पडतात, कारण लोह आणि जस्त असूनही झाडाला मिळेनासे होते. म्हणून माती तपासल्याशिवाय चुन्याचे पोते उघडूच नका. नमुना घेताना बरडी आणि बांधी कधीही एकत्र करू नका. दोन्ही मिसळून आलेला आकडा दोघींपैकी कोणाचाच नसतो. इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा वीतभर खोल घ्या, झाडाखालची, उकिरड्याजवळची आणि धुऱ्यावरची माती टाळा, सावलीत वाळवा, अर्धा किलो पाठवा. पत्रिका आली की नुसती लोखंडी पेटीत ठेवू नका. कृषी सहायकाला किंवा सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. धानाचे विचारायचे असेल तर सिंदेवाहीचे संशोधन केंद्र फार दूर नाही.

आणि बरडीत धानाचा हट्ट सोडा. तिथले पाणी उभे राहत नाही. रोवणा झाल्यावर आठ दिवस पाऊस थांबला की डिझेल, मजुरी, बियाणे सगळे मातीत. तिथे तूर, तीळ, कुळीथ, कोदो, कुटकी बसतात. मोह, चारोळी, आवळा, सीताफळ ही झाडे तर या मातीचीच आहेत. धुऱ्यावरचा जुना मोह तोडण्याआधी त्याच्या फुलांचे आणि टोळीचे, म्हणजे बियांचे, वर्षाचे पैसे एकदा मांडून पाहा. नांगर उताराला आडवा घाला. लांब उतार असेल तर मध्ये समपातळीत चर काढा. त्या चरात अडलेले पाणी खालच्या बांधीला कार्तिकापर्यंत ओल देते, आणि मग लाखोळी-जवसाचीही सोय होते.

एका गोष्टीबद्दल मला हात जोडून सांगायचे आहे. रस्त्याच्या कामाला मुरूम हवा म्हणून कोणी ट्रॅक्टर-टिप्पर घेऊन दारात येतो, पडीक तर आहे म्हणतो, नगद मोजतो. देऊ नका. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, आणि वरची वीतभर गेली की खालच्या कातळावर तीळही येणार नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या खड्ड्याचे पाणी धुरे फोडून शेजाऱ्याच्या बांधीत रेती नेऊन टाकते, ते भांडण वेगळे.

उलट माती आणायची असेल तर ती मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावातून आणा. तलाव आटतो तेव्हा तळाचा काळा गाळ बरडीसाठी फार उपयोगी असतो. पाणी धरणारी जी चिकण माती आपल्या उंचावरून वर्षानुवर्षे वाहून गेली, तीच बरीचशी तिथे साचलेली असते. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या, गावातल्या चार-पाच जणांनी मिळून वाहतूक ठरवली तर खर्च वाटला जातो. गाळ जाड थराने पसरू नका. पहिल्या वर्षी दोन बोटे टाका, वखराने मुरमात मिसळा, एका कोपऱ्यात गाळ न टाकता जागा तशीच सोडा आणि दिवाळीला दोन्हीकडची तूर शेजारी शेजारी पाहा.