शिकारी पक्षी दरवर्षी मोजायलाच हवेत

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात किटाटिनी नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. शरद ऋतूत वायव्येचा वारा तिच्यावर आदळून वर चढतो आणि त्या चढत्या हवेवर बाज, ससाणे, गरुड फारसे पंख न हलवता दक्षिणेकडे जातात. एके काळी याच जागी बंदूकधारी त्यांची वाट पाहत बसत. १९३४ साली पक्षीसंरक्षणासाठी लढणाऱ्या रोझली एज यांनी या रांगेतला हॉक माउंटन हा डोंगर भाडेपट्ट्याने घेतला आणि मॉरिस ब्राऊन यांना राखणीवर नेमले. ब्राऊन यांनी त्याच वर्षी डोक्यावरून जाणारे शिकारी पक्षी मोजायला घेतले. महायुद्धाच्या काळातला खंड सोडला तर हॉक माउंटनवरची ही मोजणी आजही चालू आहे. ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत तासातासाला पक्ष्याची जात, संख्या, वारा आणि ढग टिपायचे, एवढेच काम. निसर्गाची तब्येत सांगणारी इतकी स्वस्त आणि खणखणीत साक्ष दुसरी नसावी. आपल्याकडे मात्र असे काम हौशी निरीक्षक आणि मोजके संशोधक यांच्या चिकाटीवर सोडून दिलेले आहे, ते सरकारने आपल्या अंगावर घ्यायला हवे.

या नोंदींचे मोल पांढऱ्या डोक्याच्या गरुडाने दाखवून दिले. या गरुडाचे डोके आणि शेपटी पांढरीशुभ्र व्हायला साधारण पाच वर्षे लागतात. तोवर तो तपकिरी असतो, त्यामुळे उडता पक्षी लहान की पुरता वाढलेला, हे खालून कळते. १९३५ ते १९३९ या काळात तिथे दिसलेल्या या गरुडांपैकी सुमारे ४० टक्के लहान वयाचे होते, १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आले. मोठे गरुड दिसत होते, त्यामुळे वरवर सगळे ठीक वाटत होते, पण घरट्यांतून पिल्ले बाहेर पडेनाशी झाली होती. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात हे आकडे मांडले. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होतात, हे पुढे सिद्ध झाले, १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली आणि २००७ मध्ये हा गरुड तिथल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला. ब्राऊन मोजायला बसले तेव्हा डीडीटीची फवारणी सुरूही झालेली नव्हती. संकट येण्यापूर्वीची नोंद हाताशी होती, म्हणून तर घसरण दाखवता आली.

आपल्या गिधाडांची कहाणी याच धड्याची कडू बाजू आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यांलगत केलेली शिकारी पक्ष्यांची मोजणी २००० पासून त्याच मार्गांवर पुन्हा होऊ लागली, तेव्हा पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळपास नाहीशी झाल्याचे आकड्यांत दिसले. २००७ पर्यंतची घट ९९ टक्क्यांहून अधिक होती. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यामागचे कारण असल्याचे २००४ मध्ये जगापुढे आले, २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मधल्या वर्षांत मोजणी झाली असती तर धोक्याची घंटा किती आधी वाजली असती, हा विचार अस्वस्थ करतो.

यावर पहिला आक्षेप असतो तो अचूकतेचा. पक्षी निसटतात, दोनदा मोजले जातात, वारा बदलला की वाटही बदलते. हे सगळे खरे आहे, पण देशातले एकूण गरुड किती, हे सांगण्याचा दावा अशी मोजणी करतच नाही. जागा तीच, पद्धत तीच आणि वर्षे पुष्कळ असली, की चुका दरवर्षी जवळपास सारख्याच राहतात आणि कल स्पष्ट उमटतो. दुसरा आक्षेप असा की आता उपग्रह आहेत. २०१३ मध्ये नागालँडमध्ये अमूर ससाण्यांना ट्रान्समीटर बसवले आणि भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे जाणारा त्यांचा मार्ग कळला. मोलाचीच माहिती. पण तीन पक्षी कुठे गेले, एवढे ट्रान्समीटर सांगतो, तीस हजारांचे वीस हजार झाले का, हे सांगत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आपल्याकडे किटाटिनीसारखी अरुंद वाट नाही, पक्षी दख्खनवर रुंद आघाडीने पसरून येतात, मग मोजायचे कुठे? उत्तर भोवत्यांकडे आहे. मध्य आशियातून हिवाळ्यासाठी येणारे हे शिकारी पक्षी दिवसभर माळरानावर टोळ आणि छोटे प्राणी टिपतात, पण मावळतीला उंच गवतात ठरावीक जागी जमून जमिनीवरच रात्र काढतात. सूर्यास्ताआधी कडेला उभे राहिले की उतरणारे पक्षी एकेक करून मोजता येतात. काही जातींच्या माद्या एकमेकींपासून ओळखणे अवघड असते. त्यांच्यासाठी ‘नक्की नाही’ असा रकाना ठेवावा, अंदाजाने नाव लिहू नये. गवताळ जमीन आपल्या दप्तरी ‘पडीक’ म्हणून लागते आणि सहज दुसऱ्या कामाला जाते, अशा वेळी हे आकडे तिच्या बाजूने पुरावा म्हणून उभे राहतील.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायची सवय महाराष्ट्राच्या वनविभागाला आहेच. तेवढीच माणसे आणि तेवढीच तयारी सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याच्या माळरानांवर लागेल. स्थानिक पक्षीमित्र आणि महाविद्यालये यांना सोबत घेऊन वनविभागाने येत्या हिवाळ्यापासून भोवत्यांच्या रातथाऱ्यांची मोजणी सुरू करावी, आकडे दरवर्षी जाहीर करावेत आणि अधिकारी बदलला तरी ती बंद पडू देऊ नये.