अटक गावात, खटला कोणत्या कोर्टात?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत बांधाचा वाद, पाण्याची पाळी किंवा विहिरीवरच्या मोटारीची चोरी यातून कुणाला अटक झाली, की घरची माणसे आधी पोलिस ठाण्याकडे धावतात, मग पुढाऱ्याकडे. कोर्ट कोणते, हा प्रश्न तिसऱ्या दिवशी सुचतो. तोवर पैसा आणि वेळ दोन्ही गेलेले असतात.

गुन्हा लहान असो वा मोठा, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव ठाण्यांचे आरोपी साधारणपणे घोडनदीच्या कोर्टात, तर दौंड व यवतचे दौंडच्या कोर्टात येतात. “खुनाची केस आहे, मग तालुक्याला कशाला नेलं?” असे लोक विचारतात. जानेवारी २०२३ मध्ये पारगावजवळ भीमा नदीत एकाच कुटुंबातील सात मृतदेह सापडले आणि खुनाच्या आरोपाखाली नात्यातल्याच लोकांना अटक झाली. असा खटला चालवणे सत्र न्यायालयाचे काम. पण पोलिस कोठडीचा पहिला अर्ज दंडाधिकाऱ्यापुढेच होतो. आरोपपत्रही तिथेच दाखल होते आणि मग केस वर पाठवली जाते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यानुसार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद देऊ शकतात, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत. जन्मठेप आणि फाशी सत्र न्यायालयाच्या हातात. फाशीला मात्र उच्च न्यायालयाची मंजुरी लागते.

म्हणजे सगळा खेळ कलमाचा. हाताने मारहाण झाली तर बहुतेक वेळा नुसती एन.सी. होते. कुऱ्हाडीने दुखापत केली तर खटला दंडाधिकाऱ्याकडे. त्याच घावाला ‘जिवे मारण्याचा प्रयत्न’ म्हटले, म्हणजे जुने ३०७ व आताचे १०९ कलम लागले, की केस सत्र न्यायालयात. चौघांनी लुटले तर जबरी चोरी, पाच जण असले की दरोडा, आणि दरोडा सत्र न्यायालयाचा. म्हणूनच भांडणानंतर दोन्ही बाजू कलम वाढवायला किंवा कमी करायला धडपडतात. त्यात ज्याचा वशिला नाही तो भरडला जातो.

जामिनाचेही तसेच. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात सकृद्दर्शनी पुरावा असेल तर दंडाधिकारी सहसा जामीन देऊ शकत नाहीत. स्त्रिया, लहान मुले व आजारी माणसांना सवलत मिळू शकते. मग सत्र न्यायालय गाठावे लागते. अटकपूर्व जामीनही सत्र किंवा उच्च न्यायालयातच मिळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, पण पुणे जिल्हा त्यात नाही. आपल्याला मुंबईच. आणि तपास ६० दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात ९० दिवसांत संपून आरोपपत्र आले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. त्यासाठी अर्ज मात्र वेळेत करावा लागतो.

गावकी तंट्यातली ‘चॅप्टर केस’ याहून वेगळी. ती तहसीलदारांसारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते. तिथे शिक्षा नसते, शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून घेतला जातो. अनेक जण तिलाच खटला समजून घाबरतात.

तेव्हा अटक झाली की एफआयआरची प्रत मागा आणि कलमे वाचून घ्या. सत्र न्यायालयाचे काम शिवाजीनगरला आहे की दुसरीकडे, हे वकिलाला आधीच विचारा. एक हेलपाटा वाचेल. वकिलाची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याने दिलेला हा हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत.