बंदी घालण्याआधी गावाला विचारा



आम्ही पेण-रोह्याकडचे भातवाले. तुमची कोरडवाहू कपाशी आणि ज्वारी, आमची खाडीकाठची भातशेती. पाऊस तुमच्याकडे येत नाही आणि आमच्याकडे हटत नाही. पण सरकारी हुकूम दोन्हीकडे सारखाच कोसळतो. म्हणून तुमच्या जिल्हा बैठकीसाठी हे चार शब्द लिहीत आहोत.

21 सप्टेंबर 2008 हा दिवस आमच्या पेण तालुक्यात कोणी विसरलेले नाही. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत त्या दिवशी मतदान झाले. ते सरपंचासाठी नव्हते, आमदारासाठी नव्हते. महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. शेतकऱ्याला त्याच्या जमिनीबद्दल सरकारने मतपेटी पुढे ठेवून विचारावे, असे या देशात सहसा घडत नाही. तेही सरकारने आपणहून केले नाही, आंदोलनाने करायला लावले. निकाल सरकारने रीतसर जाहीर केला नाही. पण कौल काय होता हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. त्या गावांत सेझ उभे राहिले नाही.

बरोबर अकराव्या दिवशी, 2 ऑक्टोबरला, दिल्लीचे नवे नियम देशभर लागू झाले. सार्वजनिक जागी विडी-सिगारेट ओढायची नाही, ओढली तर 200 रुपयांपर्यंत दंड. कायदा मुळात 2003 सालचा. या वेळी मतपेटी नव्हती, साधी दवंडीही नव्हती. एकाच पंधरवड्यात आम्ही दोन सरकारे पाहिली. एक विचारणारे, एक हुकूम सोडणारे.

आधीच सांगून टाकतो. आम्ही विडीचे वकील नाही. विडीने छाती पोखरते, कर्करोग होतो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. परळच्या टाटा इस्पितळाच्या वाऱ्या केलेली घरे आमच्याकडेही आहेत. एसटीत शेजारच्याने धूर सोडला तर आम्हालाही ठसका लागतो. एसटीत, शाळेत, दवाखान्यात ओढू नये, हे आम्हाला मान्य आहे. आमचा वाद धुराशी नाही, बंदीच्या रीतीशी आहे.

ही रीत कशी आहे ते पाहा. त्याच कायद्यात एक पळवाट आहे. तीस खोल्यांचे हॉटेल, तीस माणसे बसतील असे उपाहारगृह किंवा विमानतळ असेल, तर तिथे ओढणाऱ्यांसाठी वेगळी जागा ठेवता येते. म्हणजे विमानाची वाट पाहणाऱ्याला खोली आणि एसटीची वाट पाहणाऱ्याला पावती. रोह्याला या, धाटावच्या रासायनिक कारखान्यांची धुराडी दाखवतो. पाळी संपवून एसटीच्या थांब्यावर आलेला कंत्राटी कामगार दोन झुरके मारतो तर तो गुन्हेगार. धुराड्याला कोणी हटकत नाही.

पुढची पायरी 24 सप्टेंबर 2020 ची. राज्य सरकारने सुटी विडी आणि सुटी सिगारेट विकण्यास बंदी केली. कारण असे दिले की, सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचा धोक्याचा इशारा दिसत नाही. कारण ऐकायला बरे आहे. पण सुटी विडी घेतो कोण? वीटभट्टीवरचा कातकरी, भाताच्या लावणीला आलेला मजूर. ज्याच्या खिशात दोन विड्यांचे पैसे आहेत त्याला तुम्ही सांगता, अख्खे बंडल घे. आणि घेतले की दोनच ओढून तो थांबेल, अशी आशा धरता! टपरीवाल्याला तर पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि 3000 रुपयांपर्यंत दंड. एका विडीपायी एवढी शिक्षा! टपरीवाला कोण असतो? बहुतेकदा शेतीत भागले नाही म्हणून नाक्यावर येऊन बसलेला आपलाच पोर.

एवढ्यावर भागले नाही. 2021 च्या जानेवारीत केंद्राने आणखी कडक दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी पुढे केला. सार्वजनिक जागी ओढण्याचा 200 रुपयांचा दंड 2000 रुपयांवर न्यायचे त्यात होते. मुंबईच्या साहेबाला 2000 म्हणजे एका रात्रीचे जेवण. मजुराचा तो आठवड्याचा रोज आहे. आणि राज्यातून विडी-सिगारेट साफ बंद करा, ही मागणी तर अधूनमधून होतच असते.

बंदी काय करते, हे तुम्हा कापूसवाल्यांना आम्ही काय सांगावे? तणनाशकाला दाद न देणाऱ्या कपाशीच्या बियाण्याला परवानगी नाही. म्हणून ते शिवारात आले नाही का? आले, पण चोरवाटेने आले. चोरवाटेने आलेल्या पाकिटाला बिल नसते. उगवले नाही तर तक्रार कुठे करणार? शेवटी जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून दाखवले, तेव्हा ही लपवाछपवी चव्हाट्यावर आली.

गुटख्याचेही तेच. राज्यात 2012 पासून बंदी आहे. कोणत्याही गावच्या पारावर जा आणि खाली पडलेल्या रिकाम्या पुड्या मोजा. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती. 2021 मध्ये सरकारनेच ती उठवली. बंदीने वस्तू जात नाही, तिचा भाव वाढतो आणि वाढलेल्या भावातला वाटा हप्ता म्हणून वर जातो. व्यसनी तिथेच राहतो, फक्त अधिक नागवला जातो.

आणखी एक हिशेब पाहा. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात शंभर प्रौढांमागे ओढणारे चारसुद्धा भरले नाहीत. तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे मात्र चोवीसच्या वर निघाले. तुमच्याकडचा खर्रा, आमच्याकडची चुना-तंबाखू, मायबहिणींची मिश्री, हा खरा रोग. विडीवर काठी उगारून तो बरा होणार आहे का?

आणि विडीच्या मागे किती चुली आहेत? भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत उन्हाळ्यात, शेतात काम नसते तेव्हा, तेंदूपाने तोडून घरात पैसा येतो. गडचिरोलीत तर ग्रामसभा स्वतः पानांचा लिलाव करतात. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायांसाठी दहा हजार घरांची वसाहत आहे. सिन्नर-संगमनेरला घरोघरी सुपात पाने घेऊन बसलेल्या बाया पिढ्यांपासून आहेत. हा धंदा चांगला आहे असे आम्ही म्हणत नाही. तंबाखूची धूळ खाऊन त्या बायांचीही छाती जाते. पण त्यांना दुसरे काम न देता पहिले काढून घेणे याला आरोग्य म्हणत नाहीत.

तंबाखू पिकवणाऱ्याची कथा तर रक्ताने लिहिलेली आहे. 1981 साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर बसले. तीन आठवडे बसले. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे मुडदे पडले. तेव्हा कोणत्याही सरकारला तंबाखूचे विष दिसले नव्हते, कारण तिच्या अबकारीने खजिना भरत होता. कर घेताना तंबाखू गोड आणि भाव मागताना कडू, असे कसे चालेल?

मग करायचे काय? वाट महाराष्ट्रातच आहे. गावातले दारूचे दुकान बंद करायचे तर बाया मतदान करतात. उभी बाटली की आडवी बाटली? निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. ही बंदी टिकते, कारण ती गावाची असते. पोलीस झोपला तरी गाव जागे असते. मग विडी-तंबाखूला हीच रीत का नको?

म्हणून तुमच्या जिल्हा बैठकीत असा ठराव व्हावा, अशी आमची सूचना आहे :

1. एसटी, शाळा, दवाखाना इथली बंदी पाळू. पण तीच बंदी मोठ्या हॉटेलांना आणि विमानतळांनाही लागू करा.

2. सुट्या विडीसाठी टपरीवाल्याला कैद, ही तरतूद काढून टाका.

3. राज्यभर बंदी लादू नका. विक्री बंद करायची की नाही हे गावाला मतदानाने ठरवू द्या, आणि त्यात मायबहिणींचे मत आधी मोजा.

4. तेंदू तोडणारे, विडी वळणारे आणि तंबाखू पिकवणारे यांना आधी दुसरे काम आणि दुसऱ्या पिकाला भाव द्या, मग बंदीचे बोला.

आमच्यातले कित्येक जण विडी सोडून बसले आहेत. कोणी बायकोच्या सांगण्यावरून, कोणी नातवाच्या. पोलिसाच्या पावतीने सोडलेला एकही आम्हाला अजून भेटलेला नाही. पेणच्या 22 गावांना एकदा विचारले, त्यांनी नीट विचार करून उत्तर दिले. जमिनीचा निकाल देणारे गाव विडीचाही देईल. विचारून तर पाहा.