जुनी भीती आणि झोपेची गोळी

सत्तरीच्या माणसाने "झोप लागत नाही, छातीत धडधडतं" अशी तक्रार केली की बहुतेक दवाखान्यांत ईसीजी निघतो आणि झोपेची गोळी लिहून मिळते. ईसीजी काढायलाच हवा. माझा आक्षेप गोळीला आहे. तो मांडायचा तर किल्लारीच्या परिसरात जायला हवं.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावं झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदं झोपलेल्यांच्या अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. पुढे नवी गावं वसली, भूकंपरोधक घरं बांधली गेली. त्या पहाटे तिशी-चाळिशीत असलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत.

अशाच एका पुनर्वसित गावात भेटलेल्या आजींची खाट अजूनही दाराच्या तोंडाशी असते. दाराला कडी नसते. उशाखाली बॅटरी, आणि चपला बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवलेल्या. "दार लावलं की जीव घुसमटतोय बघ लेकरा," त्या म्हणाल्या. सून सांगत होती, "आत्या रात्रीतून दोन-तीनदा उठतात, पोरांना हात लावून बघतात." आजोबा होते तोवर हे एवढं नव्हतं, ते गेल्यावर वाढलं. आजींच्या फायलीत रक्तदाब होता, साखर होती, पित्त होतं, झोपेची गोळी होती. भूकंपाचा उल्लेख एकाही कागदावर नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं, आणि आजींना तो डॉक्टरला सांगायचा विषय वाटला नव्हता.

आघातानंतरचा हा ताण, ज्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात, म्हातारपणी बहुधा असाच शरीराच्या तक्रारींआडून येतो. दुःस्वप्नं पडतात, माणूस बारीकशा आवाजाने दचकतो, काही जागा आणि काही तारखा टाळतो. हे सगळं वर्षानुवर्षं असूनही कामाच्या रगाड्यात दबून राहू शकतं. मग शेत मुलाच्या हाती जातं, जोडीदार जातो, दिवस रिकामा होतो आणि ते वर येतं. विस्मरणाचा आजार सुरू झाला तर कधीकधी जुनं भय आणखी उघडं पडतं. घरचे म्हणतात, वय झालं. वयाने झोप हलकी होते हे खरं, पण रात्री उठून नातवंडांचा श्वास तपासणं वयामुळे होत नाही.

झोपेसाठी आणि 'घबराटी'साठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. उलट उतारवयात तोल जातो, रात्री लघवीला उठताना माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं, विसराळूपणा वाढतो आणि गोळीची सवय जडते ती वेगळीच. मात्र हे वाचून कुणी गोळी एकदम बंद करू नये. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच सोडावी लागते. औषधच लागलं तर सर्ट्रालीनसारखी औषधं आहेत. म्हाताऱ्या माणसाला ती कमी मात्रेत सुरू करतात आणि रक्तातल्या सोडियमवर लक्ष ठेवतात.

पण या आजाराचा पहिला उपचार बोलण्याचा आहे. 'मन मोकळं करा' या सल्ल्याइतका तो सैल नसतो. प्रशिक्षित समुपदेशक आठवड्यातून एकदा, साधारण आठ ते बारा बैठकांत, त्या घटनेतून माणसाला क्रमाने नेतो: आदली संध्याकाळ, तो क्षण, नंतरचे दिवस. जे टाळलं जातं त्याच्याजवळ पायरीपायरीने जायचं, म्हणजे आज दार अर्धं लोटून पाच मिनिटं बसायचं, पुढच्या आठवड्यात पूर्ण लोटून. टाळल्याने भीती टिकते. सामोरं गेल्यावर मनाला हळूहळू पटतं की ती पहाट होऊन गेली. म्हाताऱ्यांसाठी वेग कमी ठेवावा, ऐकू येतंय ना ते पाहावं, ठरलेला सराव मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा, घरातलं एक माणूस सोबत घ्यावं. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

"या वयात कशाला जुनं उकरायचं?" हा प्रश्न मला डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळतो आणि त्याचा मला राग येतो. रुमानियात कम्युनिस्ट राजवटीत तुरुंगवास भोगलेल्या राजकीय कैद्यांवर, सुटकेनंतर कित्येक दशकांनी, त्यांच्या म्हातारपणी असा आयुष्यकथनाचा उपचार करून पाहिला गेला आणि त्यांचा त्रास उतरला. पाठीवर चाळीस वर्षांचं ओझं असलेली माणसं बरी होऊ शकतात, तर आपल्या आजींना वय झालं म्हणून परत पाठवायचा अधिकार कुणालाच नाही.

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मारकावर श्रद्धांजली वाहिली जाते. त्याच दिवशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक या गावांत यावं आणि पुढचे तीन महिने दर आठवड्याला येत राहावं, अशी माझी मागणी आहे. रक्तदाब मोजायला घरी येणाऱ्या आशाताईंनी एवढंच विचारावं, "रात्री काय आठवतं?" तोवर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. आजींना फोन लावता येत नसेल, तर सुनेने लावून द्यावा आणि त्यांना वाटलं तर जवळ बसावं.