डॉक्टर होता आलं नाही, तर?

बारावीचा निकाल आणि त्यापाठोपाठ 'नीट'चे गुण हाती आले, की कितीतरी घरांत दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. मेडिकलची जागा थोडक्यात हुकलेली असते. मग 'पुन्हा एक वर्ष परीक्षा दे' किंवा 'साधं बी.एस्सी. कर' एवढेच दोन पर्याय मुलीपुढे ठेवले जातात. कुणी नर्सिंगचं नाव काढलंच, तर आजी चटकन म्हणते, "रात्रपाळ्या करायच्या आणि लोकांची बेडपॅन उचलायची? त्यासाठी शिकवलं का हिला?"

आजीची काळजी अगदीच खोटी नाही. या कामात दगदग आहे, रात्रपाळी आहे आणि बऱ्याच खासगी दवाखान्यांत पगारही तुटपुंजा आहे. पण या शिक्षणाची दुसरी बाजू घरात फारशी कुणाला ठाऊक नसते.

समजा, एकाच गल्लीतली तीन मुलं जुलाबाने रुग्णालयात दाखल झाली. सलाईन लावून ती बरी होतील. पण त्या गल्लीत पिण्याच्या पाण्याची नळी गटारातून गेली आहे, हे कुणी शोधायचं? नाहीतर आठवड्याने चौथं मूल दाखल होणारच! हे शोधण्याचं शास्त्र म्हणजे सार्वजनिक आरोग्य. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्यामागे घरोघर फिरून थेंब पाजणाऱ्यांची पायपीट होती.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना या दोन्ही गोष्टी शिकवल्या जातात. दिल्ली आणि वेल्लोर इथे १९४६ मध्ये नर्सिंगची पदवी सुरू झाली. आजही हा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. शरीरशास्त्र, आहारशास्त्र, औषधं आणि वॉर्डातलं काम यांच्या जोडीला 'कम्युनिटी हेल्थ' हा विषय असतो. त्यासाठी विद्यार्थी खेड्यांत, वस्त्यांत जातात. घरी गेल्यावर बॅग वर्तमानपत्रावर ठेवायची, आधी साबण आणि टॉवेल बाहेर काढून हात धुवायचे आणि मगच गरोदर बाईला किंवा तान्ह्या बाळाला तपासायचं, हेही तिथे शिकवलं जातं. ते पाहून घरातली माणसंही हात धुवायला शिकतात!

आता प्रवेशाविषयी. पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका आणि ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही खुला आहे. ए.एन.एम. फक्त मुलींसाठी आहे. पदवी आणि पदविकेला मुलगेही जातात. २०१८ पासून गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत 'समुदाय आरोग्य अधिकारी' नेमले जाऊ लागले. नर्सिंगची पदवी किंवा पदविका घेतलेल्यांना ही वाट खुली झाली आहे.

पुढे शिकायचं असेल, तर सार्वजनिक आरोग्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात ती १९९७ मध्ये सुरू झाली. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि १९३२ मध्ये स्थापन झालेली कोलकात्याची अखिल भारतीय संस्था ही या क्षेत्रातली आणखी दोन जुनी नावं. साथ कशी पसरते, आकडेवारी कशी वाचायची, योजना कशी आखायची, हे या शिक्षणात येतं. काही ठिकाणी डॉक्टर नसलेल्या पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. पात्रता मात्र संस्थेगणिक बदलते, म्हणून माहितीपत्रक नीट वाचा.

पालकांनो, फी भरण्याआधी तीन गोष्टी अवश्य पाहा. कॉलेजला राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का? स्वतःचं किंवा संलग्न रुग्णालय आहे का, आणि तिथल्या खाटांवर खरोखर रुग्ण आहेत का? वसतिगृहात राहणाऱ्या मुलींशी तुम्हाला एकट्याने बोलू देतात का? नुसती चकचकीत इमारत पाहून पैसे भरू नका. रुग्णाला हात न लावता मिळालेलं प्रमाणपत्र मुलीच्या कामाचं नाही आणि रुग्णाच्याही नाही.

आणि हो, शेवटचा प्रश्न मुलीलाच विचारा. तिला नावामागची पाटी हवी होती की माणसं बरी करायची होती? दुसरं उत्तर आलं, तर एक वर्ष वाया गेल्याचं दुःख करत बसू नका. आजीलाही समजावता येईल. तिच्या पायाची जखम रोज ड्रेसिंग करून बरी करणारी नर्सच होती, एवढी आठवण करून दिली तरी पुरे!