खेमे आमच्या कापडाचे, कमाई बाहेरच्यांची

सफारी म्हटले की आमच्या कापड बाजारात आधी चार खिशांचा सूट आठवतो. वास्तविक हा शब्द आपल्या ‘सफर’चा सख्खा भाऊ आहे. अरब व्यापाऱ्यांबरोबर तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला, स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला आणि इंग्रजांच्या मार्फत आपल्याकडे परत आला. शब्द परत आला, पण त्याच्यावर चालणारा धंदा आपल्या हाती आला नाही, ही आमची तक्रार आहे.

शहरातील एखादे कुटुंब किंवा चार मित्र स्वतःपुरता वाटाड्या, स्वयंपाकी आणि गाडी ठरवितात, दोन-तीन रात्री रानाच्या काठी तंबूत राहतात आणि त्यासाठी चांगले पैसे मोजतात. राजस्थानच्या वाळूत, लडाखच्या पहाडात हे अनेक वर्षांपासून चालू आहे. आता मेळघाटाच्या बाजूलाही त्याची सुरुवात झाली आहे. मुंबई-पुण्याच्या कंपन्या पाहुणे घेऊन बडनेऱ्याला किंवा अकोल्याला उतरतात. 16 एप्रिल 2025 पासून बेलोऱ्याच्या विमानतळावर मुंबईचे विमानही उतरू लागले. पुढचे काम कोण करतो? गाडी परतवाड्याच्या मुलाची, बिर्याणी अमरावतीच्या बावर्चीची, तंबू शिवणारा अकोटचा आणि तंबूचे कापड आमच्यासारख्यांच्या दुकानातले. पाहुण्याने दिलेल्या रकमेतून या सगळ्यांना मिळून काय मिळते ते पाहिले तर मन खिन्न होते. मागे अशाच एका बाहेरच्या कंपनीने (नाव घेत नाही) आमच्याकडून जाड कॅनव्हास आणि आतल्या अस्तराची छीट नेली. कापडाचा भाव त्यांनी फारसा घासला नाही, पण ड्रायव्हरच्या रोजीत दोनशे रुपयांसाठी तासभर हुज्जत घातली. ड्रायव्हर आमच्याच मोहल्ल्यातला, पदवीधर.

तंबूची विद्या आपल्याला नवीन नाही. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त फर्राशखान्याचे वर्णन केले आहे. बादशाही मुक्कामाचे सामान हलवायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 हमाल लागत, असे तो लिहितो. बादशाह एका मुक्कामी असताना दुसरा संच पुढे रवाना होई, त्याला पेशखेमा म्हणत. त्याच ग्रंथात वऱ्हाडच्या सुभ्यात नरनाळा आणि गाविल ही सरकारे नोंदविलेली आहेत. अकबराचा मुलगा शहजादा मुराद याचा तळ बाळापूरजवळ शाहपूरला होता. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर साहेब लोक हिवाळ्यात दौऱ्यावर निघत तेही तंबू घेऊनच. त्या तंबूंच्या मेखा ठोकणाऱ्यांना खलाशी म्हणत. खेमा, कनात, शामियाना, मेख हे सगळे शब्द आपल्या घरातले. आज आपण ते फक्त लग्नाच्या मांडवात वापरतो.

आणि प्रदेश तरी कसा! मेळघाट हा 1973 मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ अभयारण्यांपैकी एक. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या येथून तापीकडे जातात. जो रानपिंगळा शंभरावर वर्षे कोणाला दिसला नव्हता आणि 1997 मध्ये नंदुरबारच्या बाजूला पुन्हा सापडला, तो मेळघाटातही आहे. एवढ्याशा पाखरासाठी परदेशातून माणसे येतात. किल्ल्यांचे म्हणाल तर अकोल्याकडून नरनाळा, त्यावरचा महाकाली दरवाजा आणि नऊगजी तोफ. अमरावतीकडून गाविलगड, जो 15 डिसेंबर 1803 रोजी वेलस्लीने भोसल्यांकडून घेतला. पायथ्याशी अचलपूर, इमादशाहीची राजधानी, तिथला हौज कटोरा. बाहेरचा वाटाड्या पाहुण्याला हौज कटोऱ्याजवळून नेतो आणि गाडीची काचही खाली करीत नाही. एलिचपूरचा इतिहास सांगणारी आपली मुले तिथेच चहाच्या टपरीवर बसलेली असतात.

कच्छच्या रणातले उदाहरण घेण्यासारखे आहे. धोरडो हे बन्नीतले मुतवा मुसलमानांचे गाव. 2005 पासून तेथे रण उत्सव भरतो, तंबूंचे शहर उभे राहते. तंबूंचा ठेका बाहेरच्यांकडे गेला तरी गाव बघत बसले नाही. बायकांचे आरसेकाम दारातच विकले जाऊ लागले, गावकऱ्यांनी स्वतःचे गोल भुंगे बांधून पाहुणे ठेवले. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने या गावाला उत्तम पर्यटन गावांच्या यादीत स्थान दिले. मीठ आणि वाळू यांशिवाय ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांनी हे केले.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब मांडू. समजा आठ खेमे लावले. पावसाळ्यात जंगलाचे दरवाजे बंद, मे महिन्यात वऱ्हाडचे ऊन. म्हणून वर्षातले तीसच आठवडे धरा आणि आठवड्याला शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्री. झाल्या 480 खेमा-रात्री. निम्म्या रिकाम्या जातील असे समजून 240 धरा. जेवणासह एका रात्रीचे चार हजार घेतले तर 9 लाख 60 हजारांची उलाढाल होते. यातून शिधा, पगार, डिझेल, चौकीदार, तंबूची झीज वजा केल्यावर एक घर नीट चालेल आणि पाच-सहा जणांना हंगामी काम मिळेल. यापेक्षा जास्त कोणी सांगत असेल तर तो फसवीत आहे. पण आज आपली मुले परक्याची गाडी चालवून जे मिळवितात त्यापेक्षा हे निश्चित बरे.

कराची एक गोष्ट आमच्या व्यापारी बंधूंच्या ध्यानात राहत नाही. जीएसटीच्या कायद्यात हॉटेल, गेस्ट हाऊस यांच्याच रांगेत छावणीची जागाही आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीचे भाडे साडेसात हजारांपर्यंत असेल तर 5 टक्के कर, पण आयटीसी नाही; म्हणजे तंबू, गाद्या, भांडी घेताना भरलेला कर वजा मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. सेवेची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. मात्र तुम्ही हाच धंदा कापड दुकानाच्या पॅनवर घातला तर दुकानाची उलाढाल त्यात मिळविली जाते आणि पहिल्या खेम्यापासून कर लागतो. म्हणून भागीदारी वेगळी करावी.

आणि भागीदारीची रीत आपल्याला कोणी शिकवायला नको. हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन प्रेषित (स.) शामच्या सफरीवर गेले, भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, नफा ठरलेल्या हिश्शाने. मुदारबत ती हीच. आमच्या बाजारात असे कितीतरी लोक आहेत ज्यांचे दोन-चार लाख रुपये नुसते पडून आहेत, कारण व्याजाला लावायचे नाहीत आणि दुसरे काही सुचत नाही. तेच लोक मुलगा भांडवल मागायला आला की त्याला आखातात जाण्याचा सल्ला देतात.

जमिनीच्या बाबतीत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण इथेच आपली माणसे घसरण्याचा संभव आहे. कोअर क्षेत्रात खासगी तंबू लागत नाही, त्याचा विचारही करू नये. 24 जुलै 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधील पर्यटन थांबविले होते. 16 ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झाले, पण ज्यांचा सगळा गल्ला वाघावर अवलंबून होता त्यांना तेवढ्या काळात घाम फुटला. खेमा लावायचा तो बाहेरच्या अंगाला, मालकीच्या किंवा गावाच्या जमिनीवर, परवानगी घेऊन. धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा घ्यायचा तरी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, त्यापुढच्या व्यवहाराला शासनाचीही. यावर काही हुशार लोक तोड काढतात ती कोरकू माणसाच्या नावावर कागद करण्याची. हा मार्ग कायद्याने धोक्याचा आहे आणि आमच्या मते हरामही आहे. ज्यांच्या पोरांच्या कुपोषणाच्या बातम्या 1993 पासून देशभर छापून आल्या, त्यांच्या पायाखालची जमीन काढून आपण कोणती बरकत मिळविणार?

त्यापेक्षा ग्रामसभेला सरळ भागीदार करावे. पायविहीर गावाने वन हक्क कायद्याखाली आपले जंगल सांभाळले, स्वतःच्या नावाने सीताफळे बाजारात आणली आणि 2014 मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. असे गाव तुमच्याशी बरोबरीने बोलेल, हिशेब मागेल. मागू द्या. वाटाड्या कोरकूच हवा. वाघाचा माग आणि पाखराचा आवाज त्याला कळतो, आपल्याला नाही. आपले काम सामान, स्वयंपाक, वाहतूक आणि पाहुण्याची सरबराई. एवढे जरी चोख केले तरी पुष्कळ.

कापडाविषयी दोन शब्द, कारण त्यातले आम्हाला कळते. स्वस्त म्हणून प्लास्टिकची ताडपत्री घेऊ नये. उन्हात ती भट्टी होते आणि पहाटे आतून पाणी गळते. सुती कॅनव्हास ओला झाला की सूत फुगते, वीण मिटते आणि पाणी आत येत नाही. पण तो ओला असताना घडी केला तर बुरशी धरतो आणि दोन हंगामांत हाताने फाटतो. छत दुहेरी असावे, मध्ये वीतभर हवा. चिखलदऱ्याच्या थंडीत एकेरी कापड पुरत नाही. तंबूजवळ शेकोटी नको. मार्चनंतर सागाचा पाला इतका वाळतो की ठिणगीचे निमित्त पुरते, आणि आग लागली तर पहिले बोट आपल्याकडेच दाखविले जाईल, हे सांगायला नको.

साहसी पर्यटनासाठी राज्य शासनाचे 2021 चे धोरण आहे. गिर्यारोहण, जंगलातील पायी भ्रमण असे काही करणार असाल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. मुलांनी ते कागद आधी वाचावेत. हंगाम ऑक्टोबरला उघडतो. तंबू शिवायला शिंप्याला दोन महिने लागतात आणि दिवाळीनंतर तो लग्नाच्या कनातींत अडकतो, तेव्हा ज्यांना करायचे आहे त्यांनी जुलैतच कापड उचलावे.