सतरा आकडी संख्या आणि भाताची पट्टी

एकापासून नऊपर्यंत आकडे ओळीने लिहा आणि तसेच उलटे एकापर्यंत उतरत या. १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या तयार होते. तोरणा एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरावा, तशी. सतरा आकडी आहे. आपल्या जुन्या मोजणीतले शेवटचे घर परार्धाचे. तिथे पोचायला हिला एकच आकडा कमी पडतो.

ही संख्या मिळते कशी? नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि तिला तिनेच गुणा. पाटीवर गुणाकार मांडला की नऊ ओळी होतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज करताना उजवीकडच्या घरात एक, पुढच्यात दोन, असे वाढत मधल्या घरात नऊ येतात आणि मग उतार लागतो. हातचा कुठेच येत नाही. दहा वेळा एक घेऊन पाहा. मधे दहा होतात, हातचा येतो आणि डोंगर ढासळतो.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. डहाणूला १९०५ साली जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले हे गृहस्थ १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. डोंबिवली स्टेशनात कल्पना सुचली, म्हणून त्या स्टेशनावरून हे नाव. त्यांच्या ६१७४ या संख्येचा बोलबाला पुढे जगभर झाला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तोवर मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती! इकडे पुष्कळांनी या नादाला पोरखेळ म्हटले. खेळ होता खरा, पण त्याला कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नव्हते.

आता या डोंगराच्या पोटात काय आहे ते पाहू. ती मूळ संख्या नाही, संयुक्त आहे. ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा, यांचा गुणाकार केला की ती बनते. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या, १ आणि ती स्वतः धरून, बरोबर ४५. तिच्या साऱ्या आकड्यांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला भागले तर बाकी शून्य. आपल्याच आकड्यांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे आनंद देणाऱ्या. आणखी एक गंमत मुलांसाठी: १२३४५६७९ (यात ८ नाही) याला ६३ ने गुणायला सांगा.

हे सगळे नवाचे उपकार. आणि नऊ आपल्या व्यवहारातही कामाला येतो. समजा, मार्गासनीच्या एखाद्या घरी भाताची पट्टी आली: १३४७ किलो, दर २८ रुपये, रक्कम ३७,७१६. नवाचा ताळा घ्या. १३४७ च्या आकड्यांची बेरीज १५, तिची ६. २८ ची १०, तिची १. सहा एके सहा. रकमेची बेरीज २४, तिचीही ६. जमले. न जमते तर गुणाकार नक्की चुकलेला.

पण जमले म्हणजे बरोबरच, असे समजू नका. लिहिणाऱ्याने ३७,१७६ लिहिले असते तरी बेरीज २४ च येते; ताळा जमतो आणि घरधन्याचे ५४० रुपये जातात. आकड्यांची अदलाबदल नवाला दिसत नाही. मात्र तिची खूण राहते: अदलाबदलीने पडणारा फरक नेहमी नवाने भागला जातो. ५४० म्हणजे नऊ गुणिले साठ. तेव्हा वहीची आणि पट्टीची रक्कम जुळत नसेल, तर आधी फरक काढा आणि त्याला नवाने भागून पाहा. बाकी उरली नाही, तर शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडलेत का ते तपासा, आणि मगच पट्टी घेऊन आडत्याकडे जा.